हळू चालणारी रेघ

चार-पाच माणसं चार वर्षं दर रविवारी एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर, एकाच कीबोर्डवर झुंबड करून बसली की काय होतं सांगू? प्रोग्राम होतात पाच-पन्नास, त्यातले धड चालतात दहा-बारा, आणि किस्से होतात पोतंभर! आमचे प्रोग्राम कॅसेटसकट बुरशीला गेले. किस्से मात्र जसेच्या तसे आहेत. अजूनही कुणाच्या लग्नात भेटलो की पाचव्या मिनिटाला एक जण विषय काढतो, आणि पंगत उठते तरी आम्ही खुर्च्या गोल करून तिथेच!

हल्लीची कॉम्प्युटर शिकलेली मुलं मला विचारतात, “काका, तुम्ही एवढी वर्षं त्या बेसिकलाच का चिकटून बसलेलात? ते पण आकडेवालं जुनं बेसिक?” याचं एका वाक्यात उत्तर मला कधी देता आलेलं नाही. म्हणून मी किस्से सांगतो. ज्याला कळायचं त्याला कळतं.

*

गोष्ट डोंबिवली पूर्वेची, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. दामलेकाका ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेड ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांची पेन्सिल कागदावरून गेली की रेघ कुठे सुरू झाली नि कुठे थांबली, हे भिंगातून बघावं लागायचं. अशा माणसाला काचबिंदू झाला. बाजूचं दिसेनासं झालं, मग नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, ही नळी बारीक होत जाणार, आपण फक्त वेळ लांबवू शकतो. काकांनी तीन वर्षं आधीच रिटायरमेंट घेतली.

घरी बसून त्यांचं डोकं फिरेल म्हणून जावयाने मस्कतहून येताना एक कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरवर साठवायचे. बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा त्याच्या पोटातच होती. बटण दाबलं की दोन सेकंदांत पडद्यावर शब्द यायचा, ‘रेडी’.

काका तो शब्द बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिस चालवलं. सकाळी आल्या आल्या ‘रेडी’ म्हणणारा हा पहिलाच!”

मी नेहमी वीस मिनिटं लेट जायचो, त्यामुळे मला हसताही येईना.

*

कंपू हळूहळू जमला. मी. आमच्याच ऑफिसात ट्रेसिंग करणारी निर्मला, बाळकुमच्या कोळीवाड्यातली, जिचा हात काकांच्या खालोखाल स्थिर. माझा आयटीआयचा मित्र सुरेश गायकवाड, कल्याणचा, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. तो पहिल्यांदा आला तो टीव्हीची वायर सोल्डर करायला आणि मग दर रविवारी दारातूनच “जय भीम, काका!” करत यायचा. आणि काकांच्या पत्नी माई, ज्या सुरुवातीला फक्त चहा आणायच्या.

साडेदहाच्या आत आम्हाला प्रवेश नव्हता. तोवर टीव्हीवर रविवारची मालिका असायची आणि मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं दामल्यांच्या हॉलमध्ये असायची.

सुरुवातीला आम्ही काय वाटेल ते केलं. पाढे छापले, पत्त्यांचा खेळ केला, सुरेशने टीव्हीच्या पडद्यावर कल्याण जंक्शनचा फाटा काढला. काका बघायचे, चुका सांगायचे, पण त्यांचं स्वतःचं असं काही ठरत नव्हतं. मग एका रविवारी त्यांनी टेबलावर एक जुनी वही ठेवली. माईंची. माहेरून आणलेली, ठिपक्यांच्या रांगोळ्यांची. बावीस पानं, बावीस रांगोळ्या.

“बत्तीस वर्षं रोज सकाळी ही बाई दारात रांगोळी काढते,” काका म्हणाले, “आणि मी सात दहाची गाडी पकडायला ती रोज ओलांडून गेलो. एकदा तर पाय देऊन गेलो. बघितली एकही नाही. आता हे डोळे जायच्या आत मला बावीसच्या बावीस बघून घ्यायच्यात. पानावर नाही. निघताना. कागदावरची आता मला वाचवत नाही, पण काळ्या पडद्यावर पांढरी रेघ असली तर दिसते.”

माई चहाचे कप न घेताच आत गेल्या. तेव्हापासून आमच्या कंपूला एकच काम होतं, आणि त्या कामाला मुदत होती. फक्त ती किती, ते कुणाला माहीत नव्हतं.

*

पहिलीच रांगोळी पणतीची. सोपी, सात ते चार. म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली एकेक कमी करत चारावर आणायचं. काकांनी ग्राफपेपर घेतला, एकाखाली एक ठिपके मांडले आणि रन केलं. रांगोळी तिरकी पडली, वाऱ्यात वाळत घातलेल्या साडीसारखी!

चहा घेऊन आलेल्या माई दारातच थांबल्या. “अहो, ठिपका ठिपक्याच्या खाली नसतो. दोघांच्या मधे असतो.”

बत्तीस वर्षांचा हेड ड्राफ्ट्समन! गपचूप खोडरबर घेतला. अर्ध्या तासात ठिपके जागेवर आले. पुन्हा रन. रेघा बरोबर, वळणं बरोबर, ज्योत बरोबर. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले.

“पण तुम्ही पणती पालथी घातलीत की!” माई म्हणाल्या.

झालं होतं असं की ग्राफपेपरवर आकडे खालून वर जातात आणि या मशीनच्या पडद्यावर वरून खाली. आम्ही तिघं ड्रॉइंगवाले, तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

“तेल सांडलं असेल सगळं,” माई म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या स्टूल घेऊनच. त्या दिवसापासून चहा सुरेश करायला लागला.

*

एकदा आमच्या ओळखीने एक सर आले, ठाण्याच्या कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासमधले. माणूस चांगला, पण शिकवायची सवय अंगात मुरलेली. काकांचा प्रोग्राम बघून म्हणाले, “बेसिक म्हणजे खेळण्यातली भाषा हो. आणि हे जागोजागी गोटू! गोटूने विचारांना वाईट सवय लागते.”

गोटू म्हणजे ‘अमक्या नंबरच्या ओळीवर उडी मार’. सुरेशला हा शब्द फार प्रिय. तो किचनमधून गाळणी हातात घेऊन बाहेर आला. “सर, तुम्ही आता ठाण्याहून डोंबिवलीला आलात ना? मधे किती ठिकाणी आम्ही गाडीला गोटू केलं, सांगू?”

सर हसले, पण हटले नाहीत. आता सगळे लोक सी नावाची भाषा शिकतात, काकांनीही तीच घ्यावी, असा त्यांचा आग्रह.

काका म्हणाले, “माझी एक अडचण आहे. पडद्यावरची अक्षरं मला एका वेळी एक-दोनच दिसतात. ही वाचते आणि मी ऐकतो. अगं, एकशे चाळीस वाच.”

माईंनी वाचलं, “एकशे चाळीस. लाईन. साठ, पन्नासपासून सत्तर, पंचेचाळीसपर्यंत.”

“कळलं? आता तुमची सांगा. ही लिहून घेईल.”

सरांनी घसा साफ केला. “इंट मेन. कंस उघडा. कंस बंद करा. खाली या. महिरपी कंस उघडा. इंट एक्स, स्वल्पविराम, वाय, अर्धविराम...”

माईंनी तीन ओळी लिहिल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. “अहो सर, यात काम कधी सुरू होतं?”

सर मनापासून हसले. जाताना म्हणाले, “माई, तुम्ही कुठे शिकलात प्रोग्रामिंग?”

“शिकले कुठे? मी नववी पास. यांना वाचून दाखवते तेवढंच.” आणि मग, आम्ही ऐकतोय हे विसरून, “पण सत्तरवर यांची चूक आहे. सांगितलं की रागावतील म्हणून थांबलेय.”

चूक होती!

*

निर्मलाला स्वतःचा एक प्रोग्राम करायचा होता, तिच्या बाबांसाठी. बाबा खाडीत होडी घालायचे. तिच्या आईचं माहेर वेसाव्याचं, आणि तिथला हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. तिने चार ओळींचा प्रोग्राम केला, महिनाभराच्या वेळा एका कागदावर उतरवल्या आणि बाबांना दिल्या.

पुढच्या रविवारी बाबा स्वतः आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात दोन शहाळी. सोफ्यावर न बसता थेट टीव्हीसमोर उभे राहिले. “ह्योच का तो?”

निर्मलाने प्रोग्राम चालवून दाखवला. तिथी सहा. उत्तर साडेचार.

बाबा टीव्हीला म्हणाले, टीव्हीलाच, “बाबा रं, तू सांगतंस ता मुंबईचा पानी. ता बालकुमला चालत येतंय. त्याला टाईम नको?”

निर्मला लाजून लाल. चुकलं ते एवढंच की समुद्राची भरती खाडीतून आत बाळकुमपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आम्ही पाचांपैकी कुणीच धरलं नव्हतं. तिचं तर सगळं लहानपण त्या पाण्याकाठी गेलेलं! काका हसून म्हणाले, “तीस आणि चाळीसच्या मधे पस्तीस घाल. तासभर वाढव.”

बेसिकमध्ये आम्ही ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचो ते याचसाठी. काही राहून गेलं तर मधे नऊ ओळींची जागा मोकळी असते. निर्मलाने पस्तीस घातली. बाबा बघत होते. “आधी लिवलेलं पुसला नाय?”

“नाही बाबा. मधे जागा सोडलेली असते.”

“मंग ज्यानं ह्यो केला,” बाबा म्हणाले, “त्याच्या घरी पावनं लय येत असतील!”

शहाळी माईंनी फोडली. त्या दिवशी काकांना शहाळ्याचं तोंड सापडेना, स्ट्रॉ दोनदा बाजूला गेली. निर्मलाच्या बाबांनी काही न बोलता त्यांचा हात धरून जागेवर नेला. तोवर आमच्या नऊ रांगोळ्या झाल्या होत्या.

*

आम्ही घाबरलो. नऊ झाल्या, तेरा राहिल्या, आणि नळी बारीक होतेय. सुरेश म्हणाला, मशीनच स्लो आहे, एकेक रेघ रांगत जाते, त्याला कोण काय करणार? त्याच्या ओळखीच्या एका ऑफिसात नवा पीसी आलेला. त्यावर नवं बेसिक, नंबरबिंबर काही नाही, आणि सुसाट. सुरेशने पंधरा दिवस पीसी मोकळा मिळेल तेव्हा खपून दहावी रांगोळी, मोराची, त्यावर बसवली. एका शनिवारी दुपारी काका-माईंना रिक्षाने स्टेशनला, मग गाडीने कल्याणला, पुन्हा रिक्षाने त्या ऑफिसात, असा सगळा लवाजमा नेला. काकांना बरोबर पडद्यासमोर बसवलं.

“काका, रेडी?”

“रेडी.”

सुरेशने की दाबली आणि मोर आला! रंगीत! आम्ही “वा!” म्हणून ओरडलो.

काका म्हणाले, “लाव ना.”

“झाली पण, काका!”

“कधी?”

सुरेशचं तोंड बघवेना. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा मोर. काका पडद्याच्या जवळ गेले, मान इकडे तिकडे केली. “पीस दिसलं. हे एक. हे कसलं, पाय का?” मग पाठीमागे टेकून शांतपणे म्हणाले, “सुरेश, सगळी एकदम आली की मला तिचा तुकडा दिसतो रे. आपल्या मशीनवर रेघ चालत जाते ना, मी तिच्या मागून मागून जातो. ती फिरते तसा मी फिरतो. ती घरी पोचली की मीही पोचतो. तेवढंच मला पुरं दिसतं.”

सुरेशने मान खाली घातली. मला सांगायला हरकत नाही, मीही घातली. ज्या मशीनला आम्ही दीड वर्षं स्लो म्हणून शिव्या घातल्या, ते काकांच्या चालीने चालत होतं.

पुढच्या रविवारी सुरेश आला तो हाताने लिहिलेली एक ओळ घेऊन. एक ते पाचशे नुसते मनात मोजायचे आणि काही करायचं नाही, एवढंच ती ओळ सांगायची. प्रत्येक रेघेनंतर ती घातली की मशीन आणखी हळू होणार होतं.

माईंनी ती वाचली. “ही ओळ काय करते?”

“काही नाही, माई. थांबते.”

“अगंबाई,” माई काकांकडे बघत म्हणाल्या, “रिटायर झालेली ओळ!”

*

आता माझा किस्सा. सगळे हा माझ्यासमोर मुद्दाम सांगतात, त्यापेक्षा मीच सांगतो.

सोळाव्या रांगोळीपर्यंत काकांना पडद्यावरचं अक्षर वाचता येईनासं झालं. रेघ दिसायची, तीही एका डोळ्याने. पण प्रोग्राम सगळा डोक्यात! कितवी ओळ काय करते ते नंबरासकट पाठ. खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, “दोनशे तेरावर जा. अठ्ठावीसचे तीस करा.” आम्ही जायचो. तिथे अठ्ठावीस असायचेच.

सोळावी रांगोळी मोठी होती. मधे मधे ओळी घालून नंबरांची पार खिचडी झालेली. दोनशे दहा, दोनशे तेरा, दोनशे चौदा, दोनशे एकोणीस. माझा स्वभाव नीटनेटका. काका आंघोळीला गेलेले असताना मी एक कमांड दिली, ‘रीनंबर’. एका क्षणात सगळ्या ओळी दहा, वीस, तीस अशा शिस्तीत उभ्या! मी ते कॅसेटवर जुन्याच्या जागी सेव्हसुद्धा करून टाकलं. वाटलं, काका खूश होतील.

काका आले, बसले. “दोनशे तेरा.”

“दोनशे तेरा नाहीये काका,” मी ऐटीत म्हणालो. “मी सगळं सरळ करून टाकलं!”

त्यांनी हात हळूच खुर्चीच्या दांड्यावर ठेवले, जणू खुर्ची हलली की काय ते बघत होते. मग म्हणाले, “असू दे. नीट केलंस.”

रागावले असते तर बरं झालं असतं. निर्मला मला जिन्यात म्हणाली, “तू त्यांच्या घरातलं सामान हलवलंस. आंधळ्या माणसाच्या घरातलं.” आमच्यात तो शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता. उच्चारून तिलाच रडू आलं.

निर्मलाच्या वहीत सगळ्या ओळी जुन्या नंबरांनी होत्या, ट्रेसिंगच्या अक्षरात. सुरेशच्या ओळखीच्या कल्याणच्या एका शाळेत आमच्यासारखंच मशीन होतं. आम्ही आठवडाभर ऑफिस सुटलं की कल्याण गाठायचो आणि एकेक ओळ तिच्या जुन्या नंबरवर परत ठेवायचो. दोनशे तेरा पुन्हा दोनशे तेरा. शनिवारी काम संपलं. रविवारी मी कॅसेट लावली आणि म्हणालो, “काका, विचारा आता. दोनशे तेरा विचारा!”

काका म्हणाले, “दोनशे तेरा कशाला? ती आता चारशे साठ.”

मी माईंकडे बघितलं. माईंनी कपाळाला हात लावला. “अरे देवा! सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ माझ्याकडून नवे नंबर वाचून घेतायत. पोरांना पाढे घोकून घ्यावेत तसे! म्हणाले, त्याने एवढं प्रेमाने सरळ केलंय, त्याला वाईट वाटेल.”

सुरेश हसून हसून जमिनीवर बसला. मी हसत होतो की काय करत होतो, मला माहीत नाही. काका मात्र विचारात पडले. दोन्ही नंबर डोक्यात, आता ठेवायचे कुठले?

“तुमचेच ठेवू,” शेवटी म्हणाले. “नवे विसरायला मला वेळ लागणार नाही. वय झालंय.”

त्या दिवशी माईंनी टीव्हीच्या डोक्यावर एक कागद चिकटवला. ‘रीनंबर करणाऱ्यास चहा मिळणार नाही.’ खाली माझं नाव लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं होतं.

*

बाविसावी रांगोळी वहीच्या शेवटच्या पानावर. एकोणीस ते दहा. माईंच्या आईने लग्नाच्या आदल्या दिवशी काढून दिलेली, माई ती फक्त पाडव्याला काढायच्या. बारा पाकळ्या, आणि सगळ्या एका रेघेने एकमेकींत गुंतलेल्या. हात उचलायचा नाही. प्रोग्राम करायला आम्हाला चार महिने लागले.

चार महिने जास्त झाले. एकविसावी काकांनी कशीबशी, टीव्हीच्या काचेला नाक लावून, निम्मी बघितली होती. बाविसावी पूर्ण झाली तोवर त्यांना फक्त खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं. हे त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि तरी दर रविवारी ते खुर्चीत बसून म्हणायचे, “तीनशे दहावर जा.” आम्ही जायचो. थांबा म्हणायची हिंमत कुणात होती? थांबून करणार तरी काय होतो?

शेवटची ओळ निर्मलाने टाइप केली. कॅसेटवर सेव्ह केलं. सकाळचे अकरा वाजले असतील. मग कुणी कुणाकडे बघेना. रन करायचं कोणासाठी?

काकाच म्हणाले, “चला, रन करा. आणि कुणी मला सांगू नका हं, आता इथे आली, आता तिथे गेली. मी सांगतो. तुम्ही बघा.”

निर्मलाने रन केलं. ठिपके पडायला लागले. काकांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, पूर्वी पेन्सिल धरायचे तसं.

“ठिपके झाले,” ते म्हणाले. झाले होते. “आता मधून निघाली. उजवीकडे. पहिली पाकळी, वर, आणि वळली.” पडद्यावरची रेघ बरोबर त्यांच्या शब्दाला वळत होती. सुरेशच्या त्या थांबणाऱ्या ओळीसकट त्यांना वेळ पाठ होती. “दुसरी. हिच्या पोटातून तिसरी.”

चौथ्या पाकळीवर लाईट गेली.

टीव्ही काळा झाला. वरचा पंखा रखडत रखडत बंद पडला. सुरेशने तोंड उघडलं, पण माईंनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तिघं जागच्या जागी.

“पाचवी,” काका म्हणाले. त्यांचं बोट हवेत हळूहळू चाललं होतं. “खाली येते. आता सहावीच्या खालून.”

“हं,” माई म्हणाल्या. काळ्या पडद्याकडे बघत, अगदी रोजच्या आवाजात.

“सातवी. ही जरा फुगीर आहे.”

“आईचा हात तसा होता.”

“राहू दे. छान दिसते. आठवी.”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. काकांचा आवाज चढला नाही, अडखळला नाही. नववी, दहावी, अकरावी. माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या प्रत्येक पाकळीला “हं” म्हणत होत्या. निर्मलाने माझा हात गच्च धरला होता. बोट बाराव्या पाकळीवरून फिरलं, मधे आलं आणि थांबलं.

“मिळाली?” काकांनी विचारलं.

“मिळाली,” माई म्हणाल्या.

काकांनी बोट खाली घेतलं, खांद्यावरच्या पंच्याने मानेवरचा घाम पुसला. “फार सुंदर आहे गं,” ते म्हणाले.

आणि आमच्याकडे तोंड वळवून माईंना म्हणाले, “लाईट आली की यांनाही एकदा दाखव.”